खांद्याच्या उंचीचा डाग

दुपारी दोन वाजले की ती इस्पितळात जायची. त्यासाठी खुर्चीवरून उठावं लागत नसे. डबा खाऊन झाला, हात धुतले, की टेबलावर नकाशा पसरायचा, त्याचे कोपरे गुंडाळू नयेत म्हणून पंचिंग मशीन, एक गोटा आणि चिकटपट्टीची दोन रिळं त्यांवर ठेवायची, चष्मा काढून नकाशावरच ठेवायचा आणि डोळे मिटायचे. बरोबर वीस मिनिटं. ऑफिसात नव्याने आलेल्यांना वाटे, बाईंचा डोळा लागला. जुने लोक त्यांना गप्प करत. “हळू बोल. बाई फेरीवर गेल्यात.” त्यावरून तिचं नाव फेरीबाई पडलं आणि तेच चिकटलं. पगाराच्या यादीत खरं नाव होतं. पण ते मोठ्यानं वाचलं असतं तर निम्म्या ऑफिसनं ‘या कोण?’ असं विचारलं असतं.

ऑफिसचं काम इस्पितळांचे आराखडे करण्याचं. इमारत बाहेरून कशी दिसेल ते मोठे साहेब ठरवत. ती कशाच्या आधारानं उभी राहील ते ठरवणाऱ्या इंजिनिअरसाहेबांना सगळे खांबवाले म्हणत, कारण एकदा काढलेला खांब त्यांनी आयुष्यात कधी हलवला नव्हता. आणि आतली माणसं कुठून कुठे जातील, हे फेरीबाई ठरवायची. ती त्रेपन्न वर्षांची होती आणि त्यातली एकोणतीस वर्षं याच टेबलाशी गेली होती. पारदर्शक कागदावर शाईची रेघ चुकली की ब्लेडनं खरवडायची, त्या काळापासून.

फेरी म्हणजे काय, तर जे इस्पितळ अजून बांधलेलंच नाही, ज्याच्या जागेवर आज गवत आणि चार खुंट्या आहेत, त्याच्या फाटकातून आत शिरायचं. डोळे मिटले की नकाशावरच्या रेघा हळूहळू उंच व्हायच्या. भिंती यायच्या, भिंतींना रंग यायचा, मग फिनेलचा वास, मग लांबवर कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज. ती चालू लागायची. मात्र स्वतः म्हणून कधी नाही. एक दिवस ती गुडघेदुखीचा म्हातारा व्हायची आणि फाटकापासून पहिल्या खुर्चीपर्यंत किती पावलं पडतात ते मोजायची. एक दिवस सफाईवाली, हातात भरलेली बादली. एक दिवस वाचता न येणारा माणूस, रिपोर्ट न्यायला आलेला. एकदा तर ती मेलेलं माणूस होऊन गेली होती आणि मागच्या दारापर्यंत जाताना वाटेत स्वयंपाकघर लागतं हे पाहून दचकून जागी झाली होती. डोळे उघडले की पेन्सिल उचलायची आणि कुठलं तरी एक दार उलटं करायची. “संडासाचं दार आत उघडतंय,” ती शेजारच्या टेबलाला सांगायची. “आतला माणूस चक्कर येऊन दारालाच टेकून पडला तर बाहेरच्यांनी काय करायचं? आरती ओवाळायची?”

उरलेलं शिक्षण तिनं भिंतींकडून घेतलं होतं. नवं काम आलं की ती दोन-तीन जुनी इस्पितळं बघून यायची. लोक यंत्रं बघतात, ती डाग बघायची. गुडघ्याच्या उंचीवर ओरखडे दिसले की समजायचं, इथं ट्रॉली वळत नाही. कमरेच्या उंचीवर भिंतीवर गुळगुळीत पट्टा दिसला की समजायचं, इथून आजारी माणसं भिंतीला धरून जातात आणि कुणी त्यांना कठडा दिलेला नाही. बाकांच्या मागे भिंतीवर डोक्यांच्या तेलाचे गोल असत. ते किती काळे आहेत त्यावरून नातेवाइकांना किती तास बसवून ठेवतात, ते कळे. हे सगळं ती एका निळ्या वहीत लिहायची.

एक डाग मात्र तिला नीट उलगडला नव्हता. ऑपरेशन थिएटरच्या आसपास, वळणांच्या कोपऱ्यांवर, खांद्याच्या उंचीला, दोन तळव्यांएवढा मळकट, घासून चकचकीत झालेला पट्टा. बहुतेक सगळ्या जुन्या इस्पितळांत तो होता. वहीत तिनं त्यापुढे लिहिलं होतं: ‘नातेवाईक टेकत असावेत.’ तिथपर्यंत नातेवाइकांना सोडत नाहीत, हे तिला माहीत होतं. तरी लिहिलं. आणि बिचाऱ्यांना टेकावं लागू नये म्हणून पुढच्या सात इस्पितळांत त्या कोपऱ्याशी तिनं नकाशात एकेक बाक घातलं.

सध्याचं इस्पितळ दोनशे खाटांचं होतं. चार मजले. तिसऱ्या मजल्यावर ऑपरेशन थिएटर आणि अतिदक्षता विभाग. मधे आठ फूट रुंद बोळ, त्याला एक वळण. त्या वळणावर, बोळाच्या तोंडासमोर, फेरीबाईची खिडकी होती.

या खिडकीसाठी तिनं दोन वर्षं मोठ्या साहेबांचं डोकं खाल्लं होतं. इमारतीमागे एक उतार होता, उतारावर एकच मोठं झाड. थिएटरमधून बाहेर पडलं की सरळ समोर ते झाड दिसेल, अशी ती खिडकी. साहेब विचारायचे, “बाई, तिथं बसायला कुणी नाही, थांबायला कुणी नाही. खिडकी कुणासाठी?” ती म्हणायची, “जाता जाता दिसेल.” साहेब म्हणायचे, “जाता जाता?” ती म्हणायची, “हो. जाता जाताच दिसायला हवं.” शेवटी साहेब दमले. त्या भिंतीवर आधी शाफ्ट होता, म्हणजे सगळ्या मजल्यांचे नळ आणि हवेच्या वाहिन्या ज्यातून वर जातात तो बंद चौकोनी कप्पा. तो तिनं उचलून वळणाच्या आतल्या कोपऱ्यात बसवला. तिथं तो दोन्ही बाजूंनी दोन दोन फूट पुढे आला, वळणापाशी आठाचे सहा फूट राहिले. पण खाट वळत होती. नियमात बसत होतं. खिडकी झाली.

त्यानंतर एक विचित्र गोष्ट सुरू झाली. या इस्पितळात ती फाटकातून शिरायची, जिने चढायची, थिएटरच्या दारातून खाटेवर आडवी होऊन निघायची. छताचे दिवे एकेक करून डोक्यावरून मागे जायचे. मग समोर उजेड यायचा, हिरवा, हलणारा. वळण. आणि ती जागी व्हायची. वीस मिनिटांच्या जागी नऊ मिनिटं झालेली असायची. रोज तिथंच. तिला वाटे, खिडकी इतकी चांगली झालीय की पुढे जावंसंच वाटत नाही. शेजारच्या टेबलाला ती हे थोडं मिरवूनही सांगायची. बोळाचा पुढचा भाग आणि अतिदक्षता विभाग तिनं चालून पाहिलाच नव्हता. नुसता मोजला होता.

सोमवारी या नकाशावर शेवटच्या सह्या व्हायच्या होत्या. मंगळवारी पायाचं काँक्रीट. त्यानंतर शाफ्ट काय, दार काय, काहीही हलवायचं म्हणजे फोडायचंच.

शनिवारी ती नकाशा घरी घेऊन गेली. हे घरच्या कायद्याविरुद्ध होतं. कायदा सासूबाईंचा. त्या चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होत्या, निवृत्त झाल्या तेव्हा मेट्रन होत्या, आणि घरात, गल्लीत, दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना अजून मेट्रनच म्हणत. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी दारात चपला काढल्या आणि जाहीर केलं, “इस्पितळ चपलांबरोबर दाराबाहेर. या घरात आता कुणी त्याचा विषय काढायचा नाही.” सून इस्पितळांचेच नकाशे करायची; पण कायदा तो कायदा. एकोणीस वर्षं दोघी एका टेबलावर जेवल्या आणि भाजीवर, हवेवर, शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर बोलल्या.

त्या दिवशी टेबलाच्या एका टोकाला मेट्रन मटार सोलत होत्या, दुसऱ्या टोकाला नकाशा होता, आणि फेरीबाईनं सवयीनं डोळे मिटले. नऊ मिनिटांनी उघडले, तर सासूबाई चष्म्यावरून तिच्याकडे बघत होत्या.

“कुठवर गेली होतीस?”

“तिसऱ्या मजल्यावर.”

“मग परत का आलीस?”

“खिडकी आली.”

“खिडकी आली म्हणून कुणी परत येतं? खिडकी म्हणजे काय शेवटचा स्टॉप आहे?”

बाजूला मास्तर पेपर वाचत होते. मास्तर म्हणजे मेट्रनचा मुलगा आणि फेरीबाईचा नवरा. शाळेत भूगोल शिकवायचे. ते पेपराआडून म्हणाले, “आई, इस्पितळ चपलांबरोबर बाहेर. तुझाच नियम.”

“नियम मी केला, मीच मोडतेय. तू तुझे वारे आणि पर्वत बघ.” मेट्रननी मटारची परात बाजूला सारली आणि नकाशा स्वतःकडे ओढला. “आज कोण होऊन गेली होतीस? तू कोण कोण होतेस म्हणे. मला ठाऊक आहे सगळं.”

“पेशंट. ऑपरेशन झालेला. खाटेवर.”

“शुद्धीत?”

“नाही.”

“मग खिडकी कशी दिसली?”

मास्तरांनी पेपर खाली घेतला.

“बरं, ते राहू दे,” मेट्रन म्हणाल्या. “त्याला श्वास कोण देत होतं?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? थिएटरमधून बेशुद्ध माणूस बाहेर काढला, तो काय आपापला श्वास घेत गाणी म्हणत जातो? तोंडावर मास्क असतो, मास्कला रबरी फुगा. तो कुणीतरी दाबत चालायचा. पाच सेकंदांनी एकदा. खाटेच्या मागून नाही, बाजूनं, डोक्याशी. कुठं आहे ती फुगा दाबणारी तुझ्या नकाशात?”

नकाशात खाट होती. सात फूट लांब, सव्वातीन फूट रुंद चौकोन, त्यात उशीचा छोटा चौकोन. खाटेमागे ढकलणाऱ्याचा गोल होता. तो काढायला फेरीबाई कधी विसरत नसे आणि त्याचा तिला अभिमान होता. बाजूला काही नव्हतं. कोरा कागद. एकोणतीस वर्षांच्या सगळ्या नकाशांत तो तिथं कोराच होता.

मेट्रननी खाटेच्या चौकोनावर एक शेंग ठेवली, तिच्या शेजारी एक मटार ठेवला आणि बोटानं दोन्ही मिळून बोळातून पुढे नेली. वळणावर मटार शाफ्टच्या रेघेवर चढला.

“बघ. इथं मी अडकले.”

“मग अशा ठिकाणी काय करायचात तुम्ही?”

“पाठ भिंतीला लावायची आणि घासत सरकायचं. तेवढीही जागा नसेल तर फुगा सोडायचा आणि खाटेच्या मागून पळत दुसरी बाजू गाठायची. आमच्या इथल्या कोपऱ्याला आम्ही जकात नाका म्हणायचो. काहीतरी दिल्याशिवाय पुढे सोडायचाच नाही.”

फेरीबाईनं अगदी सावकाश विचारलं, “आई, त्या कोपऱ्यावर डाग पडायचा? खांद्याच्या उंचीला?”

“पडणारच. आमच्या गणवेशाची एका बाजूची पाठ कायम काळी. धोबी विचारायचा, सिस्टर, तुम्ही कुस्त्या खेळता का?”

फेरीबाई उठली आणि निळी वही घेऊन आली. ते पान काढून तिनं सासूबाईंसमोर धरलं. मेट्रननी वाचलं. आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मग चष्मा नाकावरून घसरला.

“टेकत असावेत! अगं, तिथं नातेवाईक येतीलच कसे? आणि मग तू काय केलंस?”

“बाक ठेवलं.”

“कुठं?”

“त्या कोपऱ्याशी.”

“आधीच अरुंद, त्यात बाक! किती ठिकाणी?”

“सात.”

मेट्रन हसायच्या थांबल्या. मास्तर पेपराची घडी करत म्हणाले, “काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण म्हणत नाही.”

“म्हणालास की,” आई म्हणाली. “आणि कळशाला बोलायची बंदी कुणी केली होती, तेही म्हण.”

रविवारी शाळेला सुट्टी होती. मास्तरांनी सभागृहाची किल्ली आणली. माळ्यावर सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात घेतलेली चाकांची लोखंडी खाट होती, अकरा वर्षं तिच्यावर छत्र्या आणि रजया पडून होत्या. ती टेम्पोतून आली. एक चाक कुरकुरत होतं. फेरीबाईनं खडूनं फरशीवर बोळ आखला, खऱ्या मापाचा. आतल्या कोपऱ्यात बाकं एकावर एक रचून शाफ्ट केला. समोरच्या भिंतीच्या रेघेशी, फरशीवरच, मास्तरांनी फळ्यावरच्या वळणदार अक्षरात ‘खिडकी’ असं लिहिलं. सुट्टीच्या दिवसाचं मोठं सभागृह, उंच झरोक्यांतून तिरपं ऊन, त्यात खडूची धूळ तरंगत होती. फेरीबाईला क्षणभर कळेना, आपण डोळे उघडे ठेवलेत की मिटलेत. आजवर फेरीत तिनं जे पाहिलं होतं ते असंच असायचं: भिंती नसलेला बोळ आणि उजेड.

“फुग्याचं काय?” मास्तरांनी विचारलं.

मेट्रननी आजूबाजूला पाहिलं. दाराशी शाळेच्या शिपायाची सायकल होती. तिला जुन्या पद्धतीचा रबरी हॉर्न होता. त्यांनी तो दाबून पाहिला. पों. “हा चालेल.” शिपायानं काही न विचारता हॉर्न सोडवून दिला, मेट्रननी काही मागितलं की लोक आधी द्यायचे आणि मग विचार करायचे.

मास्तर खाटेवर आडवे झाले. “मला काय झालंय?”

“अपेंडिक्स,” आई म्हणाली. “आणि तू बेशुद्ध आहेस. तोंड बंद.”

फेरीबाई डोक्याकडच्या बाजूला, ढकलायला. मेट्रन शेजारी, हातात हॉर्न. त्या एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. पण खाटेच्या कडेला उभ्या राहिल्या तशी त्यांची पाठ सरळ झाली आणि चालणं बदललं. लांब, सपाट, आवाज न करणारी पावलं. पों. पाच सेकंद. पों. कुरकुरणारं चाक आणि मधून मधून हॉर्न. पों. समोर ‘खिडकी’ हा शब्द हळूहळू मोठा होत आला. वळण. फेरीबाईनं खाट वळवली. मेट्रनची पाठ बाकांना लागली, वरचं बाक हललं, त्यांनी हॉर्नवरचा हात काढला.

सभागृहात काहीच ऐकू येईना. फक्त चाक. मेट्रन मागे आल्या, फेरीबाईच्या पाठीमागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला पोचल्या. पों.

“चार,” मास्तर डोळे न उघडता म्हणाले. “चार चुकले. मी मोजत होतो. माझेच होते ना.”

“मी म्हातारी झाले. तरुण पोरगी दोनच चुकवील.”

“दोन म्हणजे दहा सेकंद,” फेरीबाई म्हणाली. “दहा सेकंदांनी काय होतं?”

“बहुतेकांना काही होत नाही.”

“आणि बाकीच्यांना?”

मेट्रननी हॉर्नवरची धूळ रुमालानं पुसली. पुसायला गरजेपेक्षा जास्त वेळ लावला. “दुसरी बाजू बघू,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या बाजूनं आणखी वाईट. खाट वळताना तिचं डोक्याकडचं टोक भिंतीकडे फेकलं जायचं आणि मेट्रन खडूच्या भिंतीबाहेर जायच्या. खरी भिंत असती तर चिरडल्याच असत्या. मग फेरीबाईनं एकेक करून बाकं आतल्या कोपऱ्यातून उचलली आणि समोरच्या भिंतीवर नेऊन रचली. शाफ्ट पूर्वी होता तिथं. मास्तरांचं अक्षर बाकांखाली गेलं. आतला कोपरा तिनं खडूनं थोडा तिरका कापला. पुन्हा निघाले. पों, पों, पों, वळण, पों. मेट्रन वळणावरून गेल्या, तेव्हा त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलंही नाही.

म्हणजे रोज नऊ मिनिटांनी ती जागी होत होती, ते खिडकीमुळे नव्हतं. पुढे वाटच नव्हती. तिच्या पायांना ते कळलं होतं. डोळ्यांना झाड दिसत होतं, म्हणून त्यांनी ऐकलं नाही. आणि ती वाट तिनं स्वतःच्या हातानं बुजवली होती.

“खिडकी चांगली होती का गं?” परतताना टेम्पोत मेट्रननी विचारलं.

“हो.”

“हं,” मेट्रन म्हणाल्या.

सोमवारी सकाळी मोठ्या साहेबांच्या खोलीत इस्पितळाचा लाकडी नमुना ठेवला होता. विश्वस्तांना दाखवायला केलेला. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खिडकीत साहेबांनी मुद्दाम एक बारीक दिवा बसवला होता. विश्वस्तांना सगळ्यांत जास्त तीच आवडली होती. फेरीबाईनं सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले.

“दोन वर्षं तुम्ही मला या खिडकीसाठी छळलंत. मी शेवटी हो म्हटलं. आता ती सगळ्यांना आवडली, तर तुम्हीच म्हणता काढा?”

“हो.”

“नियमात बसतंय ना?”

“खाट बसतेय. खाटेबरोबर चालणारी बसत नाही.”

“आता फुगे कोण दाबतं, बाई? यंत्रं आलीत.”

“यंत्र बंद पडलं की हाच फुगा दाबतात. सासूबाईंना विचारून आलेय.”

खांबवाले कोपऱ्यात बसले होते. त्यांनी एकच विचारलं, “माझा खांब?”

“खांबाला हात लावत नाही. तो शाफ्टच्या मागे आहे, तिथंच राहील.”

“मग माझं काही म्हणणं नाही. खिडकीशी माझं वैर नव्हतं आणि फार मैत्रीही नव्हती.”

साहेब नमुन्यातल्या बारीक दिव्याकडे बघत होते. नाही म्हणणं त्यांना अगदी सोपं होतं. कुणी तक्रार केली नव्हती. कुणाला कळलंही नसतं. फेरीबाईनं पिशवीतून शिपायाचा हॉर्न काढला.

“साहेब, दोन मिनिटं डोळे मिटता?”

एकोणतीस वर्षांत तिनं त्यांच्याकडे असलं काही मागितलं नव्हतं. त्यांनी मिटले. तिनं हॉर्न दाबला. बाहेरच्या खोलीतल्या दहा माना वर झाल्या. “थिएटरच्या दारातून निघालोय,” ती म्हणाली. पों. “दिवे डोक्यावरून जातायत.” पों. “बारा पावलं.” पों. “समोर खिडकी आली. उतार, झाड. छान आहे.” पों.

मग ती थांबली. खोलीत घड्याळाचा आवाज येऊ लागला. बाहेरचं छपाईचं यंत्रही नेमकं त्याच वेळी थांबलं होतं. साहेबांच्या कपाळावर आधी एक आठी आली, मग दुसरी. त्यांनी डोळे उघडले.

“का थांबलात?”

“वळण आलं.”

खांबवाल्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला होता. त्यांच्या लक्षात आल्यावर त्यांनी तो खिशातल्या पेनाकडे नेला, जणू पेनच शोधत होते.

“संध्याकाळपर्यंत नवा नकाशा द्या,” साहेब म्हणाले. “विश्वस्तांना मी सांगतो. काय सांगू ते मला अजून माहीत नाही.” फेरीबाई दारापर्यंत पोचली तेव्हा ते म्हणाले, “आणि तो हॉर्न इथं ठेवून जा.”

“शिपायाचा आहे.”

“मग त्याला नवा घेऊन द्या.”

खिडकी काढायला एक सेकंद लागला. कॉम्प्युटरवर ती निवडायची आणि एक बटण दाबायचं. रेघा जातात आणि खाली काही उरत नाही. ब्लेडनं खरवडावी लागली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. कागदावर निदान खरवडलेली जागा तरी खरखरीत राहायची. त्याच दुपारी तिनं सात इस्पितळांना सात पत्रं लिहिली: थिएटरजवळच्या वळणावरचं बाक कृपया काढून टाकावं. त्यातल्या चारांची उत्तरं आली. एकानं विचारलं होतं, बाकाचं करायचं काय?

दोन वाजता नवा नकाशा टेबलावर पसरला. गोटा, पंचिंग मशीन, रिळं, चष्मा. ती सिस्टर होऊन निघाली, प्रथमच. हातात मऊ, कोमट फुगा होता. तो दाबला की खाटेवरची छाती वर यायची, सोडला की खाली जायची, आणि आपलं चालणंही त्याच्याच तालावर होतंय, हे तिच्या लक्षात आलं. दिवे मागे गेले. वळण आलं. समोर हिरवा उजेड नव्हता, साधी भिंत होती. ती वळली. पुढचा बोळ तिनं कधी पाहिला नव्हता. तो लांब होता, फरशी ओली होती आणि तिच्यात दिवे उलटे दिसत होते. अतिदक्षता विभागाचं दार आपोआप उघडलं. आत कुणीतरी म्हणालं, “आलात? तिसरी खाट.” ती जागी झाली तेव्हा वीसच्या जागी पंचवीस मिनिटं झाली होती आणि शेजारच्या टेबलानं तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. “बाई, सगळं ठीक?”

“पोचले,” ती म्हणाली.

इस्पितळ सुरू होऊन वर्ष झालं, तेव्हा ती एकदा तिथं गेली. बुटांवर कापडी पिशव्या घालायला लावून तिला तिसऱ्या मजल्यावर सोडलं. ती वळणापाशी भिंतीला चिकटून उभी राहिली. समोरच्या भिंतीवर, शाफ्टच्या छोट्या पत्र्याच्या दारावर, कुणीतरी कॅलेंडर लावलं होतं. त्यावर डोंगर आणि एक झाड. महिना दोन महिन्यांपूर्वीचा होता, पान कुणी उलटलं नव्हतं. ते चित्राच्या ओढीनं होतं की नुसत्या आळसानं, ते कळायला मार्ग नव्हता. ती त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिली. खरं झाड चार हातांवर, भिंतीपलीकडे होतं.

मग थिएटरचं दार उघडलं आणि खाट आली. दोघं ढकलत होते. शेजारी एक मुलगी चालत होती, पंचविशीची असेल, एका हातानं मास्क धरलेला, दुसऱ्या हातात फुगा. ती कुणाकडे बघत नव्हती. तिचं लक्ष छातीकडे होतं. फेरीबाईनं मनात मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. हात मिटला. वळण. एक, दोन, तीन, चार, पाच. हात मिटला. खाट गेली. मुलगीही गेली, त्याच पावलात.

फेरीबाई कोपऱ्यापाशी वाकली. गुडघ्याच्या उंचीवर चाकाच्या पट्टीचे दोन-तीन ओरखडे होते. ते असतातच. मग ती उभी राहिली, चष्मा पुसला आणि खांद्याच्या उंचीला भिंत पाहिली. बोटही फिरवून पाहिलं. रंग होता तसा होता. तिनं निळी वही काढली आणि लिहिलं: ‘तिसरा मजला, वळण. खांद्याच्या उंचीला काही नाही.’

घरी पोचली तेव्हा मेट्रन टेबलाशी बसून मटार सोलत होत्या. दार वाजलं तरी त्यांनी मान वर केली नाही.

“डाग?”

“नाही.”

मेट्रननी एक शेंग फोडली, दाणे परातीत टाकले, दुसरी घेतली.

“बरं,” त्या म्हणाल्या. “चपला बाहेर काढल्यास ना?”